सोसायटीच्या देखभालीचे सॉफ्टवेअर : आराखडा कोणत्या क्रमाने करावा

गृहनिर्माण संस्थेच्या देखभालीची नोंद ठेवणारे आणि रहिवाशांना वेळेवर कळवणारे सॉफ्टवेअर करायला घेणारे बहुतेक जण लॉगिनच्या पडद्यापासून सुरुवात करतात. मग तक्रारीचा अर्ज होतो, त्यानंतर सूचनांचा विभाग, शेवटी रंगीत आलेख. आणि काही महिन्यांत बिल्डिंग मॅनेजर पुन्हा वॉचमनच्या कॅबिनमधल्या वहीकडे व व्हॉट्सॲप ग्रुपकडे वळलेला असतो. यात दोष प्रोग्रॅमिंगचा क्वचितच असतो. मॅनेजरला एकच गोष्ट कामाच्या नोंदीत, रहिवाशांच्या सूचनेत आणि समितीच्या अहवालात अशी तीनदा लिहावी लागते, आणि दिवसभर पंप, लिफ्ट व सफाई कामगार सांभाळणारा माणूस ती तीनदा लिहीत नाही. म्हणून पुढचे सर्व टप्पे एकाच अटीवर बेतले आहेत : नोंद एकदाच व्हावी, आणि सूचना व अहवाल त्याच नोंदीतून निघावेत.

येथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली, दोन-तीन विंगची आणि पगारी मॅनेजर असलेली संस्था गृहीत धरली आहे. जेथे सेक्रेटरीच मॅनेजरचे काम करतो अशा लहान इमारतीत टप्पे तेच राहतात, फक्त पडदे निम्मे पुरतात.

टप्पा १ : पडदे काढण्याआधी कागद गोळा करावेत

पहिल्या पंधरवड्यात संगणकाला हात लावू नये. संस्थेकडून पुढील गोष्टी मागून घ्याव्यात : सभासद नोंदवही, म्हणजे ‘आय’ नमुना, लिफ्ट, जनरेटर, पंप, सीसीटीव्ही, इंटरकॉम यांचे वार्षिक देखभाल करार, लिफ्टच्या मशीन रूममध्ये टांगलेले सर्व्हिस कार्ड, तक्रार वही, गेल्या वर्षभराची दुरुस्तीची बिले, आणि मिळाल्यास पाण्याच्या व सांडपाण्याच्या लाइनचे नकाशे. नकाशे बहुधा मिळत नाहीत, किंवा मिळाले तरी बिल्डरने प्रत्यक्षात केलेल्या कामाशी जुळत नाहीत. अशा वेळी संस्थेच्या जुन्या प्लंबरला बरोबर घेऊन गच्चीपासून तळटाकीपर्यंत फिरावे आणि कोणता व्हॉल्व्ह फिरवला की कोणाचे पाणी बंद होते हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. हे ज्ञान बहुतेक इमारतींत केवळ एका माणसाच्या डोक्यात असते, आणि तो माणूस गावी गेला की अख्खी विंग अडते.

त्यानंतर तक्रार वही आणि व्हॉट्सॲप ग्रुप यांतील मागच्या पावसाळ्यापासूनचे मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. वहीत ‘४०२ बाथरूम गळती’ एवढेच असते. ग्रुपवर त्याच गळतीबद्दल वीस संदेश असतात, आणि त्यांतले बहुतेक ‘काय झाले?’ एवढेच विचारणारे असतात. वहीत किती तक्रारींपुढे शेवटची तारीख आहे आणि ग्रुपवर एकच प्रश्न कितींदा विचारला गेला, या दोन गोष्टी मोजल्या की सॉफ्टवेअरने नक्की कोणती उणीव भरून काढायची हे कळते. वैशिष्ट्यांची यादी या वाचनानंतर करावी.

पडताळणी : मॅनेजर, वॉचमन, प्लंबर आणि खजिनदार या चौघांशी वेगवेगळे बोलणे झाले आहे का? चौघांना एकत्र बसवल्यास खजिनदारच बोलतो आणि वॉचमन मान डोलावतो.

टप्पा २ : सदनिका, माणसे आणि यंत्रे यांची रचना

माणसाला मुळाशी धरून रचना करणे ही या प्रकारच्या सॉफ्टवेअरमधली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. माणूस मोबाइल क्रमांक बदलतो, सदनिका विकतो, भाड्याने देतो, परदेशी जातो. सदनिका जागच्या जागी राहते. म्हणून मुळाशी सदनिका ठेवावी आणि तिला जोडलेल्या प्रत्येक माणसाचे नाते तारखांसह नोंदवावे : सभासद, सहसभासद, भाडेकरू, कुटुंबीय, चावी सांभाळणारा नातेवाईक. भाडेकरू बदलला की जुन्या नात्याची अखेरची तारीख भरावी. नोंद पुसू नये. असे केल्याने त्या छतातून पूर्वी किती वेळा पाणी आले होते हे नव्या मालकाला समजते, आणि जुन्या भाडेकरूला त्याच दिवसापासून सूचना जाणे थांबते.

सदनिकांची यादी मजले गुणिले चार असा हिशेब करून तयार करू नये. उंच इमारतीत रेफ्यूज मजला, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी मोकळा ठेवलेला मजला, असतो, तळमजल्यावर दुकाने असतात, दोन सदनिका एकत्र केलेल्या असतात, काही बिल्डर तेरावा मजला क्रमांकात गाळतात. यादी सभासद नोंदवहीतूनच भरावी आणि भरल्यावर प्रत्यक्ष दारांवरच्या पाट्यांशी ताडून पाहावी.

यंत्रांसाठी वेगळी यादी करावी : विंग, जागा, यंत्र आणि त्याचा भाग. प्रत्येक यंत्राला लहानसा, तोंडाने सांगता येईल असा क्रमांक द्यावा, उदाहरणार्थ ‘बी-पंप-२’, आणि त्याचा क्यूआर स्टिकर यंत्रावर चिकटवावा. पंपघरातल्या ओलीत कागदी स्टिकर टिकत नाही, म्हणून लॅमिनेट केलेला किंवा धातूच्या पट्टीवरचा लावावा. स्टिकर स्कॅन करताच त्या यंत्राची मागची पाच कामे, कराराची मुदत आणि कंपनीच्या तंत्रज्ञाचा क्रमांक दिसावा. यापेक्षा जास्त माहिती पहिल्या पडद्यावर नको.

आता या टप्प्यातली खरी किल्ली. पाण्याची जोडणी मजल्यांनुसार नसते. ती डक्टमधल्या, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतल्या, उभ्या लाइनीनुसार असते. ७०३ च्या स्वयंपाकघरातली लाइन बदलायची असेल, तर त्या डक्टमधला व्हॉल्व्ह बंद होतो आणि वरपासून खालपर्यंत ‘तीन’ क्रमांकाच्या सर्व सदनिकांच्या स्वयंपाकघरांचे पाणी जाते. शेजारच्या ७०१ मध्ये मात्र नळ चालूच असतो, आणि ७०३ च्याच संडासात पाणी येत राहते, कारण ती लाइन वेगळी आणि पुष्कळदा टाकीही वेगळी. म्हणून ‘कोणता व्हॉल्व्ह, कोणती लाइन, कोणत्या सदनिका, सदनिकेतला कोणता भाग’ अशी चार रकान्यांची सारणी आराखड्यात असलीच पाहिजे. वीज, इंटरकॉम आणि पाइप गॅसची लाइन यांसाठीही तशीच सारणी करावी. पाचव्या टप्प्यात योग्य माणसाला योग्य सूचना जाणे याच सारणीवर अवलंबून आहे.

सावधान : ही सारणी पूर्ण होण्याआधीच पुढे जाण्याचा मोह होतो आणि ‘सध्या पूर्ण विंगला कळवू’ असे ठरते. तेथून पुढे प्रत्येक सूचना सर्वांना जाऊ लागते आणि दोन महिन्यांत कोणी सूचना वाचत नाही.

टप्पा ३ : तक्रारीचा प्रवास ठरवावा

‘नवी’, ‘चालू’, ‘बंद’ अशा तीन अवस्था पुरत नाहीत. गळतीची तक्रार घेऊन पाहू. ४०२ च्या बाथरूमच्या छताला ओल आली आहे. रहिवासी फोटोसह तक्रार नोंदवतो. त्याला वाटते की पाणी ५०२ मधून येते. प्रत्यक्षात ते बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून किंवा डक्टमधल्या सामाईक पाइपमधूनही येत असेल. हा फरक पैशाचा आहे. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार, पावसाच्या पाण्याची, बाहेरच्या सामाईक पाइपची आणि सांडपाण्याच्या लाइनची गळती संस्थेच्या खर्चात येते, तर सदनिकेच्या आतल्या संडास, सिंक इत्यादींमुळे होणारी गळती संबंधित सभासदाच्या खर्चात येते. म्हणून जबाबदारीचा रकाना तक्रारदाराच्या अर्जात ठेवू नये. तो पाहणीनंतर, पाहणी करणाऱ्याच्या नावासह आणि कारणासह भरला जावा.

त्यामुळे अवस्थांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा :

१. नोंदवली
२. पाहणी झाली
३. जबाबदारी ठरली
४. काम सोपवले
५. काम झाले
६. तक्रारदाराने पाहिले आणि तक्रार मिटली

याशिवाय कोणत्याही अवस्थेतून जाता येईल अशी ‘थांबली’ ही सातवी अवस्था लागते, आणि सर्वाधिक काळजी तिचीच घ्यावी लागते. थांबण्याची कारणे ठरलेल्या यादीतून निवडावीत : सुटा भाग यायचा आहे, समितीची मंजुरी हवी आहे, कोटेशने आली नाहीत, वरच्या सदनिकेचे दार उघडत नाही, पावसाची उघडीप हवी आहे. शेवटचे कारण ऐकायला बहाण्यासारखे वाटते, पण जुलैत बाहेरच्या भिंतीला परांची बांधून काम करणे खरोखरच अशक्य असते. कारणाबरोबर पुढच्या आढाव्याची तारीख भरणे सक्तीचे ठेवावे. तारखेशिवाय ‘थांबली’ हे बटण दाबताच येऊ नये.

तक्रार मिटवण्याचा अधिकार एकट्या मॅनेजरकडे असू नये आणि एकट्या तक्रारदाराकडेही असू नये. मॅनेजरने ‘काम झाले’ म्हटल्यावर तक्रारदाराला विचारणा जावी, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास तक्रार आपोआप मिटावी. ही मुदत कामाच्या प्रकारानुसार वेगळी असते. दिवा लागला की नाही हे त्याच रात्री कळते. ओल वाळायला आठवडे लागतात. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा खरा निकाल पहिल्या मोठ्या पावसानंतरच लागतो. सर्वांना सरसकट ४८ तास देणारे सॉफ्टवेअर गळतीच्या तक्रारी कागदोपत्री मिटवते आणि त्या पुन्हा नव्या क्रमांकाने येत राहतात, त्यामुळे एकाच छताची तीन वर्षांची कहाणी पाच तुकड्यांत विखुरते.

लिफ्ट अडकली की दहा मिनिटांत पंधरा तक्रारी येतात. त्या पुसू नयेत. मूळ तक्रारीला जोडाव्यात, जेणेकरून एका नोंदीतला बदल पंधराही जणांना कळेल. तक्रार नोंदवताना त्या यंत्राची चालू तक्रार आधी दाखवून ‘हीच अडचण आहे का?’ असे विचारले, तर बरेचसे काम तेथेच वाचते.

फोनवरून, इंटरकॉमवरून किंवा जिन्यात गाठून सांगितलेली तक्रार मॅनेजरला रहिवाशाच्या वतीने नोंदवता आली पाहिजे. ज्येष्ठ नागरिकांना ‘ॲपवर टाका’ असे सांगणे म्हणजे तक्रार घ्यायला नकार देणेच होय. या नोंदीला तीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर अर्जातले रकाने कमी करावेत.

पडताळणी : वहीतल्या जुन्या तक्रारींपैकी सर्वांत किचकट अशी एक निवडून ती कागदावर या सातही अवस्थांतून फिरवून पाहावी. ती कोठे अडली, तेथे आराखडा अपुरा आहे.

टप्पा ४ : ठरावीक मुदतीची कामे

येथे बहुतेक आराखड्यांत ‘दर तीन महिन्यांनी’ असा एकच पर्याय असतो. प्रत्यक्षात मुदतीचे तीन प्रकार असतात आणि ते मिसळले की कॅलेंडर निरुपयोगी होते.

पहिला प्रकार ठरलेल्या तारखेचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे ‘बी’ नमुन्यातील प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै या दोन महिन्यांत द्यावे लागते. मागचे प्रमाणपत्र मार्चमध्ये उशिरा दिले गेले म्हणून पुढचे सप्टेंबरात जात नाही. ते जुलैतच द्यायचे असते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते, तिचाही प्रकार हाच.

दुसरा प्रकार मागच्या कामापासून मोजायचा. टाकीची सफाई दर सहा महिन्यांनी करायची असे संस्थेने ठरवले असेल आणि ती एक महिना लांबली, तर पुढची तारीखही एक महिना पुढे सरकली पाहिजे. संरचनात्मक तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट, याच प्रकारात येते, परंतु तिचे अंतर इमारतीच्या वयानुसार बदलते : आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीसाठी पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांहून जुन्या इमारतीसाठी तीन वर्षांतून एकदा. इमारतीच्या वयाची तारीख सॉफ्टवेअरमध्ये असेल तर हा बदल त्याने स्वतः करावा. २८ व्या वर्षी ऑडिट झाले म्हणून पुढची आठवण थेट ३३ व्या वर्षी देणे बरोबर नाही.

तिसरा प्रकार वापराच्या तासांचा. जनरेटरचे ऑइल ठरावीक तास चालल्यावर किंवा ठरावीक महिने झाल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलायचे असते. त्यासाठी तासांच्या मीटरचे आकडे नियमित भरले गेले पाहिजेत, आणि ते भरणारा वॉचमन आहे हे विसरू नये. त्याच्यासाठी एकच पडदा ठेवावा : मोठे अंक, मराठी आणि हिंदी मजकूर, आकडा भरला की हिरवी खूण. मीटरचा आकडा मागच्या आकड्यापेक्षा कमी भरला गेल्यास तेथेच विचारणा व्हावी.

आठवण देण्याचा काळही कामागणिक वेगळा ठेवावा. जानेवारीच्या प्रमाणपत्राची आठवण १ जानेवारीला देऊन उपयोग नाही. एजन्सीची पाहणी, निघालेल्या त्रुटी, बंद पडलेला अग्निशमन पंप दुरुस्त करणे आणि त्याच्या खर्चाची मंजुरी यांत महिना सहज जातो. गच्चीची आणि पन्हाळींची तपासणी मार्चमध्ये झाली तरच कोटेशने, मंजुरी आणि काम जूनच्या आत बसते. वार्षिक करार संपण्याच्या आधी किमान दोन महिने सेक्रेटरीला कळावे, कारण लिफ्टचा करार संपल्यावर पहिला बिघाड कधी होतो हे सर्वांना ठाऊक आहे.

सावधान : ‘झाले’ अशी खूण केवळ बटणाने होऊ देऊ नये. यंत्राचा स्टिकर स्कॅन करणे आणि एक फोटो किंवा सर्व्हिस रिपोर्टची प्रत जोडणे एवढे मागावे. लिफ्टचा तंत्रज्ञ कॅबिनमध्ये बसून तीन विंगच्या कार्डांवर सही करून गेला, असा प्रकार त्यामुळे तरी थांबतो.

टप्पा ५ : रहिवाशांना कळवणे

सूचना लिहिण्यासाठी कोरा चौकोन देऊ नये. मॅनेजरने काम सोपवताना व्हॉल्व्ह किंवा यंत्र, दिवस आणि वेळ भरलेली असतेच. त्या नोंदीतून मजकूर तयार व्हावा, दुसऱ्या टप्प्यातल्या सारणीवरून सदनिका निवडल्या जाव्यात, आणि मॅनेजरने वाचून ‘पाठवा’ एवढेच करावे. काम पुढे ढकलले तर सूचनेत बदलही तेथूनच निघावा. सूचना वेगळी आणि काम वेगळे ठेवले, की ‘आज पाणी बंद’ असे कळवलेले असते आणि प्लंबर उद्या येतो.

सूचनांचे तीन दर्जे पुरेत. तातडीच्या सूचनेसाठी, म्हणजे आग, लिफ्टमध्ये कोणी अडकणे, पाणी अचानक जाणे अशा वेळी, एसएमएस व ॲप दोन्ही वापरावेत आणि त्याच वेळी वॉचमनला इंटरकॉमवरून सांगायची सदनिकांची यादी द्यावी. नियोजित सूचना आदल्या दिवशी संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी अशी दोनदा जावी. माहितीपर मजकूर आठवड्यातून एकदा एकत्र करून पाठवावा. कोणता मजकूर कोणत्या दर्जात बसतो हे सेक्रेटरीच्या मनावर सोडू नये, नाहीतर गणेशोत्सवाच्या वर्गणीचे आवाहनही तातडीच्या दर्जात जाते.

एसएमएस वापरायचा असेल तर दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. पहिली, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचे शीर्ष, म्हणजे संदेशावर दिसणारे त्याचे नाव, आणि मजकुराचा साचा डीएलटी या संदेश-नोंदणीच्या यंत्रणेत आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. आयत्या वेळी सुचलेला मजकूर जात नाही. त्यामुळे पाणी, वीज, लिफ्ट आणि आग यांचे साचे पहिल्या महिन्यातच मंजूर करून घ्यावेत. दुसरी, देवनागरीतील एका एसएमएसमध्ये ७० चिन्हेच मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण ही प्रत्येक एकेक चिन्ह म्हणून मोजली जाते. ‘लिफ्ट’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण तो पाच चिन्हांचा आहे. पुढील मजकूर पाहावा :

‘बी विंगची मोठी लिफ्ट आज दुपारी २ ते ४ बंद राहील. दुसरी लिफ्ट सुरू आहे.’

हा मोकळ्या जागा व पूर्णविरामांसह बरोबर ७० चिन्हांचा आहे. यात संस्थेचे नाव घातले की तो दोन एसएमएसमध्ये मोडतो, आणि मग प्रत्येक भागात ६७ चिन्हेच मावतात व आकारणी दोन एसएमएसची होते. म्हणून साचा लिहिणाऱ्याला चिन्हांची मोजणी समोर दिसली पाहिजे. कारणमीमांसा ॲपमध्ये लिहावी. एसएमएसमध्ये काय बंद, कधीपासून कधीपर्यंत आणि तोवर पर्याय काय, एवढेच असावे.

काम केव्हा होईल याचे वचन सॉफ्टवेअरने आपोआप देऊ नये. ‘२४ तासांत निराकरण’ असे छापलेले वाक्य सुटा भाग चेन्नईहून यायचा असेल तेव्हा उघडे पडते. त्याऐवजी पुढची माहिती कधी मिळेल ते सांगावे : ‘पुढील माहिती संध्याकाळी ६ वाजता.’ सहा वाजता नवे काही नसेल तरी ‘तंत्रज्ञ काम करीत आहे, काम अजून पूर्ण नाही, पुढील माहिती ९ वाजता’ असा संदेश गेलाच पाहिजे, आणि तो देण्याची आठवण मॅनेजरला पावणेसहाला आली पाहिजे. पहिल्या टप्प्यात ग्रुपवर मोजलेले ‘काय झाले?’ हे प्रश्न कमी होतात ते याच एका सोयीने.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद करण्याच्या भरीस पडू नये. तो बंद होत नाही. तेथे मॅनेजरने फक्त तक्रारीचा क्रमांक आणि दुवा टाकावा. सूचना फलकही सोडू नये, कारण सभेच्या नोटिसा व समितीचे अनेक निर्णय तेथे लावण्याची उपविधींत तरतूद असते. प्रत्येक सूचनेची ए-फोर आकारात, दुरून वाचता येईल अशा अक्षरांत, क्रमांक व तारखेसह छापील प्रत एका बटणावर निघावी.

पडताळणी : ७०३ च्या स्वयंपाकघराच्या लाइनचे खोटे काम नोंदवून पाहावे. सूचना ७०१ ला गेली, किंवा भाड्याने दिलेल्या ५०३ मध्ये मालकाला गेली आणि भाडेकरूला गेली नाही, तर दुसऱ्या टप्प्याकडे परत जावे.

टप्पा ६ : कोणाला काय दिसावे

रहिवाशाला स्वतःच्या सदनिकेच्या तक्रारी आणि सामाईक यंत्रांच्या तक्रारी दिसाव्यात; शेजाऱ्याच्या बाथरूमचे फोटो दिसू नयेत. तंत्रज्ञाला त्या कामापुरता सदनिका क्रमांक आणि संपर्क दिसावा, आणि काम मिटल्यावर तो दिसणे थांबावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर ‘सगळ्यांचे नंबर सगळ्यांना’ ही जुनी सवय कायद्याच्या दृष्टीनेही महागात पडू शकते. माहिती कशासाठी घेतो हे नोंदणीच्या वेळी मराठीत, दोन वाक्यांत लिहावे.

थकबाकी आणि तक्रार यांची गाठ मारावी असा आग्रह काही समित्या धरतात : बिल थकले तर तक्रार नोंदवता येऊ नये. हे करू नये. थकबाकीदाराच्या छतातली गळती इमारतीच्याच सळईला गंज आणते, आणि वसुलीसाठी सहकार कायद्यात स्वतंत्र मार्ग आहे. बिलांचा विभाग पहिल्या वर्षी न जोडणेच बरे.

कोणतीही नोंद पुसता येऊ नये. चूक झाल्यास दुरुस्तीची नवी ओळ यावी आणि जुनी ओळ, नाव व वेळ यांसह तशीच दिसावी. खर्चाच्या मंजुरीसाठी समितीची मर्यादा किती आणि कोणत्या रकमेपुढे सर्वसाधारण सभेची मान्यता लागते, हे आकडे प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवू नयेत. ते प्रत्येक संस्थेच्या उपविधींनुसार व ठरावांनुसार भरता यावेत आणि ठरावाची तारीख सोबत असावी.

टप्पा ७ : एका विंगमध्ये सुरुवात

सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. पावसाळा सुरू झाल्यावर मॅनेजरला श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि एप्रिल-मे मध्ये निम्मे रहिवासी गावी असतात. एक विंग निवडून वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही एक महिना समांतर चालवावेत व दर शनिवारी दोहोंची ओळीगणिक तुलना करावी. वहीत असलेली आणि सॉफ्टवेअरमध्ये नसलेली प्रत्येक ओळ का सुटली हे मॅनेजरला विचारावे. उत्तर बहुधा ‘खाली रेंज नव्हती’ असे असते, कारण पंपघर आणि इलेक्ट्रिक रूम तळघरात असतात. म्हणून नोंद नेटवर्कशिवाय फोनमध्ये साठली पाहिजे आणि रेंज येताच पुढे गेली पाहिजे. साठवताना घटना घडल्याची वेळ आणि ती सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ या दोन्ही वेगळ्या ठेवाव्यात, अन्यथा पहाटे पाचला बंद पडलेला पंप नोंदीत सकाळी नऊला बंद पडलेला दिसतो आणि रात्रपाळीचा वॉचमन नाहक निर्दोष किंवा नाहक दोषी ठरतो.

प्रशिक्षण सभागृहात देऊ नये. वॉचमनला पंपघरात, सफाई पर्यवेक्षकाला जिन्यात आणि रहिवाशांना रविवारी सकाळी लिफ्टजवळ टेबल टाकून दाखवावे. शिकवून झाल्यावर त्यांच्या हातात फोन देऊन, स्वतः गप्प राहून, एक नोंद करवून घ्यावी.

टप्पा ८ : बाहेर पडण्याची वाट

व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते आणि मॅनेजर त्याहून लवकर बदलतात. म्हणून संस्थेचे मुख्य खाते कोणाच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावर किंवा ईमेलवर उघडू नये. संस्थेच्या नावाचा क्रमांक घ्यावा आणि पदाधिकारी बदलताच त्याच दिवशी अधिकार हस्तांतरित होतील अशी पायरी सॉफ्टवेअरमध्येच ठेवावी. सदनिका, यंत्रे, तक्रारी, फोटो आणि सूचना हे सर्व कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडेल अशा स्वरूपात, फोटोंच्या फोल्डरसह, संस्थेला कधीही उतरवून घेता आले पाहिजे, आणि तसे करारात लिहिलेले असले पाहिजे. उतरवलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून त्यातली मराठी अक्षरे प्रश्नचिन्हांत बदललेली नाहीत ना आणि ४०२ च्या गळतीचे सर्व फोटो योग्य तक्रारीलाच जोडलेले आहेत ना, हे हप्त्याची शेवटची रक्कम देण्यापूर्वी खजिनदाराने स्वतः तपासावे.